नानांनी सुचवलेली एक ओळ

अक्कांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. स्क्रीनवर नाव दिसलं आणि मी उठून बाहेर आलो, कारण अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, कधी स्वतःहून फोन करत नाहीत. "नाना गेले रे प्रमोद," एवढंच त्या म्हणाल्या. महिना झाला त्याला. जळगावच्या तंत्रनिकेतनात नानांनी आयुष्यभर कॉम्प्युटरची लॅब सांभाळली, मला नेटवर्कचा पहिला धडा दिला, आणि निवृत्तीनंतर खानदेशातल्या कॉलेजांची नेटवर्कं जवळपास फुकटात उभी करून दिली. माणूस हट्टी होता. त्या हट्टापायी आमचं वाजायचंही, आणि शेवटच्या वर्षी मी त्यांच्याशी जे वागलो ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

वादाचा विषय आधी सांगतो. इमारतीतले सगळे कॉम्प्युटर ज्या डब्याला जोडतात तो स्विच. नव्या स्विचचं एकेक पोर्ट फार वेगवान असतं. तो वेग चार वाटांनी तोडून चार जुन्या, हळू यंत्रांना देता येतो. त्यासाठी एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला चार प्लग असलेली केबल मिळते. नाना आमच्याकडच्या माणसाला कळेल असं सांगायचे, की ठिबकच्या मेन लाइनीतून चार नळ्या काढतो तसंच हे. गोम एवढीच, की पोर्टाला असं तुटता आलंच पाहिजे अशी सक्ती मानकात, म्हणजे सगळ्या कंपन्यांनी पाळायच्या नियमांत, नाही. कंपनीची इच्छा असेल तर देते, नसेल तर नाही. केबल मात्र दोन्हीकडे सारखीच बसते.

नाना फसले ते इथेच, धुळ्याच्या एका कॉलेजात. नवा स्विच त्यांनीच निवडला होता. प्रवेशाचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून मुलं-मुली पहाटेच्या बसने येऊन रांगेत उभी. मी सुटीवर होतो म्हणून सोबत गेलो होतो. नानांनी केबल खोचली, टक् आवाज आला, आणि अर्ज भरायच्या चार खिडक्यांपैकी एकीच्याच यंत्राचा दिवा लागला. उरलेल्या तीन काही केल्या लागेनात. ते पोर्ट तुटणारं नव्हतंच. मी विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायला लागलो तर नानांनी मला गप्प केलं. माहितीपत्रक त्यांनी पुरतं वाचलं नव्हतं. केबल बसते म्हणजे चालेल असं धरून चालले होते. मग स्वतः रांगेपाशी गेले, चूक माझी आहे असं एकेकाला सांगितलं, आणि दुपारपर्यंत अडगळीतला जुना स्विच काढून मध्ये जोडला. अर्ज सगळ्यांचे भरले गेले. पण संध्याकाळची बस बऱ्याच जणांची चुकली. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला. मी ज्या कंपनीत आहे तिच्या वतीने मानक ठरवणाऱ्या समितीत बसतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात एक ओळ लिहून दिली... चार वाटांच्या प्रत्येक पोर्टाला चार वेगळे जोड देता आलेच पाहिजेत. मला ते पटत नव्हतं, आजही नाही. ज्यांना पोर्ट कधी तोडायचंच नाही त्यांच्यावर तो भार कशाला? शिवाय तपासण्या वाढतात, आणि एक पोर्ट गेलं की चौघं अंधारात. हे सगळं मी त्यांना ऐकवलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते अहिराणीत म्हणाले, "तुन्हं खरं शे. पण आपला गावमा बठ्ठं एकदम नवं येत नही रे. एक नवं, दहा जुनं. ते दहा कोठे जोडाना?"

गावात सगळं एकदम नवं येत नाही हे मलाही माहीत होतं. ओळ मी खिशात घातली आणि समितीत मांडलीच नाही. कंपनीचं धोरण विरुद्ध होतं, वरिष्ठ शेजारी बसले होते, आणि खरं सांगायचं तर निवृत्त लॅबवाल्याची सूचना घेऊन उभं राहायची मला लाज वाटली. नानांना फोनवर सांगितलं, मांडली, पण बहुमत मिळालं नाही. "मांडी ना तू? मंग झायं," म्हणाले आणि अक्कांच्या गुडघ्यांविषयी बोलू लागले.

तेराव्याला जळगावला गेलो तेव्हा अक्कांनी त्यांचं कपाट उघडून दिलं, तुझ्या कामाचं असेल ते ने म्हणाल्या. वरच एक जाड गठ्ठा होता. समितीकडे आलेल्या सगळ्या सूचनांची यादी. ती कोणालाही बघायला मिळते, पण आम्ही समितीवालेसुद्धा ती पुरती वाचत नाही. नानांनी छापून घेऊन प्रत्येक सूचनेपुढे पेन्सिलीने खूण केली होती, शेवटच्या पानापर्यंत. त्या पानाखाली लिहिलं होतं, "प्रमोदने दिलेली दिसत नाही. अडचण असेल त्याची. विचारायचं नाही." त्यानंतर वर्षभर आम्ही दर रविवारी बोललो होतो. त्यांनी खरंच विचारलं नाही.

तो गठ्ठा मी पिशवीत घातला. अक्का चहा घेऊन आल्या, तेव्हा एवढंच नेतो म्हणालो.

परवा मी ती सूचना पाठवली. सुचवणाऱ्याच्या रकान्यात नानांचं नाव लिहिलं, मांडणाऱ्याच्या रकान्यात माझं. वरिष्ठांना आधी कळवलं, ते नाराज आहेत. कारण म्हणून धुळ्याची ती रांग लिहिली, चुकलेल्या बससकट. बैठकीत ती मी मांडेन, आणि माझं मत विरुद्ध आहे हेही सांगेन. नानांना लपवाछपवी चालली नसती. सूचना नाकारली जाईल याची मला जवळजवळ खात्री आहे. पण नाकारलेल्या सूचनांचीही यादी छापली जाते, आणि ती शेवटच्या पानापर्यंत वाचणारा एकच माणूस माझ्या ओळखीत होता.