क्रोमच्या टाकीवरचे दाऊदचाचा

शिफ्ट सुटायला अवकाश होता, तरी माणसं कारखान्याच्या गेटाबाहेर उभी होती. चिंचवड स्टेशनकडून येताना ते पाहून मी धावत गेले. कुणीतरी म्हणालं, "पत्रकवाली, तुझे दाऊदचाचा गेले..."

पत्रकवाली हे नाव चाचांनीच ठेवलेलं. आमच्या शेजारच्या खोलीत ते, झुबेदाचाची आणि त्यांचा मुलगा इक्बाल राहायचे. माझे वडील युनियनचे. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली, आणि ती वाटायला मी गेटावर उभी राहायची. चाचा पत्रक घेत विचारायचे, "काय गं, आज कुणाचा मुर्दाबाद?"

ते गाड्यांच्या बंपरवर क्रोम चढवायचे. त्या टाकीवर पिवळट धुकं उठतं आणि ते नाकातला पडदा खातं. दुखत नाही, नुसतं भोक पडतं. ज्याला भोक पडलं तो पक्का कारागीर, असं प्लेटिंग खात्यात मानतात. एका ईदला चाचांनी एका नाकपुडीतून दोरा घालून दुसरीतून काढून दाखवला. सगळे हसले, मी चिडले. "अगं, सर्टिफिकेट आहे हे," ते म्हणाले, "तुझ्या मॅट्रिकपेक्षा पक्कं!"

शाळेत पदार्थांचे गुणधर्म शिकताना आम्ही पाण्यात विरघळलेलं मीठ पाणी आटवून परत मिळवलं होतं. गंजलेल्या खिळ्याचं लोखंड मात्र तसं परत मिळत नाही. चाचांचं नाक खिळ्याच्या जातीचं निघालं. पडद्यापाठोपाठ वास घ्यायची ताकद गेली. युनियनने धुकं ओढून घेणारा पंखा मागितला, मालकाने प्रत्येक शिफ्टला गुळाचा खडा दिला. गुळाने छाती साफ होते म्हणे. आमची माणसंही तो खडा चघळत तेच सांगायची, याचा मला आजही संताप येतो.

शेजारी तांब्याची टाकी होती. तिच्यात सायनाइड असतं. त्याला ॲसिड भेटलं की जीवघेणा वायू सुटतो, कडू बदामासारख्या वासाचा. क्रोमच्या टाकीत ॲसिडच असतं, आणि दोन्ही टाक्यांचं धुवण एकाच गटारात सोडलेलं. त्या दुपारी गटार तुंबलं, पाणी एकमेकांत मिसळलं. दोघा कामगारांना वास आला, ते ओरडत बाहेर पळाले. चाचा वाकून गटार मोकळं करत होते. "कसला वास? एवढं काढतो नि येतो," म्हणाले...

दुखवट्याचे चाळीस दिवस व्हायच्या आत सुपरवायझर घरी आला. "दाऊदभाईंचा निष्काळजीपणा झाला, एवढं मान्य करा. इक्बालला त्यांच्या जागेवर घेतो." मी म्हटलं, "चाची, नाक खाल्लं कंपनीने, आणि वास आला नाही हा गुन्हा त्यांचा?" चाची म्हणाली, "तू लिही, बेटी. मला चूल पेटवायचीय."

मी लिहिते आहे. चूक दाऊदचाचांची नव्हती. इक्बाल आता त्याच टाकीवर जातो. पंखा अजून बसलेला नाही.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. इक्बाल कामावरून आला, हातपाय धुऊन ताटावर बसला. चाचीने पातेलं झाकूनच त्याच्यासमोर आणलं आणि झाकण थोडं सरकवलं.

"डोळे मीट. काय आहे, सांग."

"अम्मी, रोज काय हे..."

"सांग आधी."

त्याने डोळे मिटले. "मेथी."

तेव्हा कुठे तिने त्याला वाढलं.