निळ्या पाकिटातली रेकॉर्ड

आमच्या घरात माझ्याबद्दल एकच कायमची तक्रार आहे, मी बोलत नाही. विचारलं तर उत्तर देतो, तेही अर्धं. लोकांना वाटतं, स्वभाव गंभीर आहे. शाळेत क्लार्क असल्यामुळे ते खपूनही जातं. पण खरं कारण वेगळं आहे. पोटात एखादी गोष्ट दडवलेली असली की माणूस तोंड उघडायलाच भितो, भलतंच बाहेर पडेल म्हणून. माझं तसं झालं होतं.

मी जुन्या रेकॉर्डी जमवतो. मोठ्या नव्हेत, छोट्या. हाताच्या पंजापेक्षा जराशा मोठ्या, एका बाजूला एकच गाणं. त्याही साठ-सत्तर सालातल्या, पॉप गाण्यांच्या, दुसऱ्याने वापरून टाकलेल्या. रत्नागिरीत असल्या रेकॉर्डी कुठून मिळणार, असं पुण्याचे पाहुणे विचारतात. त्यांना काय सांगायचं! इथल्या घरटी एक माणूस मुंबईला, नाहीतर बोटीवर. रजेवर येताना ट्रंकेतून साबण यायचे, अत्तर यायचं, टेरिलीनचं कापड यायचं आणि दोन-चार रेकॉर्डी यायच्या. पुढे घरातलं मशीन बंद पडलं की त्या रेकॉर्डी दुसऱ्या नोकरीला लागत. लांज्याला हायवेवरच्या एका हॉटेलात मला एक रेकॉर्ड मिळाली ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून. मी मालकाला बदल्यात बाजारातून खरं झाकण आणून दिलं. त्याने आधी झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पोऱ्याला म्हणाला, "साहेबांना चहा दे रे, पैसे नको घेऊ."

आणलेली रेकॉर्ड मी रिठ्याच्या पाण्याने धुतो आणि पापडाच्या कापडावर सावलीत वाळवतो. काही परदेशी रेकॉर्डींना मधे भलंमोठं भोक असतं. त्यात बसवायची चकती इथे मिळत नाही, म्हणून मी करवंटीची घासून घासून केली. बायको म्हणते, एवढी मेहनत खोबऱ्यावर केली असती तर वाटणाला तरी उपयोग झाला असता.

आता शेजारच्या काकूंबद्दल सांगायला हवं. आमच्या आणि त्यांच्या घरामधे चिऱ्यांचा गडगा आहे, कमरेएवढा. त्यांचे यजमान, आमचे काका, मालवाहू बोटीवर होते. वर्षातून एकदा घरी यायचे. आले की आंघोळीच्याही आधी एक ठरावीक रेकॉर्ड लावायचे, निळ्या पाकिटातली. कुठल्या भाषेतलं गाणं होतं कोण जाणे. गाणारी बाई मधेच हसायची, एवढं पोरांनाही कळायचं. ते गाणं वाजलं की अख्ख्या आळीला समजायचं, काका आले.

काका वारले, त्यानंतर वर्षभराने काकूंनी मला हाक मारली. "तुला नाद आहे ना रे? सगळ्या घेऊन जा. मशीन गंजून गेलं, मला काय करायच्यात?" चाळीसेक होत्या. मी पिशवीत भरत होतो तेवढ्यात त्यांनी निळं पाकीट उचलून बाजूला ठेवलं. "एवढी राहू दे. ही आमची दोघांची." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

चहाला किती वेळ लागतो? माझ्या पिशवीत त्याच दिवशी भंगारवाल्याकडून आणलेली एक अनोळखी रेकॉर्ड होती, न धुतलेली. मी ती निळ्या पाकिटात घातली आणि पाकिटातली माझ्या पिशवीत टाकली. हे काम माझ्या हातांनी इतकं सराईतपणे केलं, की जणू पिढीजात धंदा असावा. मग मी बसून चहा प्यायलो. वर आणखी अर्धा कप मागितला.

मनाला कारण दिलं बुरशीचं. आपल्याकडचा पावसाळा, काकूंचं ते ओल आलेलं लाकडी कपाट, त्यात रेकॉर्ड टिकणार कशी? माझ्याकडे निदान सुरक्षित राहील. रत्नागिरीत कुठलंही पाप बुरशीच्या नावावर खपवता येतं. पण रेकॉर्ड सुरक्षित ठेवणारा माणूस ती हेडफोन लावून, दार बंद करून का ऐकतो, हे मात्र बुरशीच्या नावावर बसत नव्हतं. सहा वर्षं मी ती तशीच ऐकली. गडग्यापलीकडे काकू मिरच्या वाळत घालत असायच्या.

यंदा गणपतीला काकूंची मुलगी मुंबईहून आली, ती पेटीसारखं नवीन मशीन घेऊन. हल्ली पुन्हा फॅशन आली आहे म्हणे. हरतालिकेच्या दिवशी दुपारी गडग्यावरून हाक आली, "दादा, लवकर ये. आईला सरप्राइज द्यायचंय. बाबांचं गाणं!"

मी गेलो. न जाऊन करतो काय! काकू खुर्चीत बसल्या होत्या, धुवट पातळ नेसून, केस नीट विंचरून. मुलीने निळ्या पाकिटातून रेकॉर्ड काढली, सुई ठेवली. मला त्या रेकॉर्डवर काय आहे ते ठाऊक नव्हतं, मी ती कधी वाजवलीच नव्हती. आधी पियानो वाजला. मग एक पुरुष कडक आवाजात ओरडू लागला, जर्मन की कुठल्या भाषेत. चार शब्द, मग पियानो. पुन्हा तेच चार शब्द. मुलगी म्हणाली, "आई, हा व्यायाम शिकवतोय. हा आकडे मोजतोय."

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी जन्मात व्यायाम केला नाही."

"चुकून दुसरी आणली असेल बाबांनी."

"तीस वर्षं हीच वाजत होती ना? काय रे, तुला यातलं कळतं. तू बघ."

म्हणजे माझ्याच गुन्ह्याचा तपास माझ्याकडे आला. मी चष्मा लावून रेकॉर्ड उजेडात धरली, उलटसुलट केली, फुंकर मारली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "हवामानाचा परिणाम असू शकतो."

"दमट हवेनं गाणं बदलतं?" मुलीने विचारलं.

"काही सांगता येत नाही."

काकूंचे थोरले दीर पावस गावाहून आले होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय ऐंशीच्या घरात, पण गाऱ्हाणं घालायला त्यांच्यासारखा माणूस नाही. ते म्हणाले, "हवाबिवा काय नाय. घरातली वस्तू कोणीतरी नेलेली आहे. उद्या म्हाराजाच्या कानावर घालतो."

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे तोंडी अर्ज. एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. म्हणजे मीही. घरी आल्यावर ठरवलं, गाऱ्हाण्याच्या आधी रेकॉर्ड गुपचूप पाकिटात परत.

आमचा गणपती थोरल्या भावाकडे असतो. आमचे एकवीस मोदक दरवर्षी काकूंच्या गणपतीला जातात. मोदक आमची ही डब्यातून नेते, मी पुढे दूर्वा-फुलांचं ताट घेऊन जातो. तेव्हा चतुर्थीला सकाळी मी एका मोठ्या स्टीलच्या ताटात रेकॉर्ड ठेवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. वर केळीचं पान कापून अगदी नीट बसवलं. तिकडे गर्दीत पान उचलायचं, कपाटाशी जायचं, संपलं. ताट ओट्यावर ठेवून मी आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर ओट्यावर ताट नाही. स्वयंपाकघरात ही नाही. मोदकपात्र उघडं, रिकामं, अजून वाफा येत होत्या.

मी ओल्या अंगावर धोतर गुंडाळत गडग्यावरून उडी मारली. पन्नाशीनंतरची माझी ही पहिली उडी. ही काकूंच्या ओटीवर उभी होती, प्रसन्न.

"ताट कुठाय?"

"नैवेद्याला ठेवलं. अहो, लग्नाला चोवीस वर्षं झाली, पहिल्यांदा तुम्ही न सांगता पान मांडून ठेवलंत. म्हटलं, कौतुक करावं. डबा घेतलाच नाही, गरम गरम त्यातच मांडले."

आत गणपतीसमोर एकवीस मोदक वाफाळत होते. त्यांच्याखाली काकांचं गाणं शिजत होतं. नैवेद्याला हात लावायची सोय नव्हती, आरती आणि गाऱ्हाणं व्हायचं होतं. आरतीला मी टाळ वाजवले, ताल सोडून. मग आबा नारळ हातात घेऊन उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरातली आवडीची वस्तू कोणीतरी नेलेली असा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हिने मला कोपर मारलं. "मोठ्याने म्हणा की."

"ज्यानं नेलेली असंल, त्याच्या जिवाला चैन पडू देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. ही मागणी सहा वर्षं आधीच मंजूर झाली होती.

"आणि ती वस्तू हयसर, तुझ्या पायाशी आणून ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा काकूंची मुलगी प्रसाद वाटत होती. सगळेच मोदक उचलले जात होते. मी दोन खाल्ले, ताटाजवळ उभं राहायला मिळावं म्हणून. तिसऱ्याला हात घातला तेवढ्यात मुलीने ओलं पान टाकून द्यायला उचललं आणि किंचाळली.

पिशवीतली रेकॉर्ड काकूंनी लेबलावरून लगेच ओळखली. आबा आधी खाली बसले, मग उठून उभे राहिले. "ऐकलंन!" ते म्हणाले. "म्हाराजानं ऐकलंन! पन्नास वर्षं गाऱ्हाणी घालतोय, पण असं हातोहात कधी दिलं नव्हतंन!" त्यांनी रेकॉर्डला हळद-कुंकू लावलं. शेजारपाजारचे नमस्कार करू लागले. मीही केला.

ही मात्र नमस्कार करत नव्हती. ताट आमचं होतं. तिने ताटाकडे पाहिलं, माझ्या ओल्या धोतराकडे पाहिलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. पण ती बोलली नाही. मी गप्प राहिलो असतो तर आजही कुणाला काही कळलं नसतं. आबांचा चमत्कार झाला असता, माझी सुटका झाली असती. मी जवळजवळ सुटलोच होतो.

तेवढ्यात काकू भिंतीवरच्या काकांच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, पण मी जवळच होतो. "चुकले हो. कालपासून तुमच्यावर संशय घेतला. म्हटलं, माझं गाणं कुणा दुसरीला देऊन आलात आणि माझ्यासाठी भलतीच तबकडी ठेवलीत. रात्रभर तुम्हाला नाही नाही ते बोलले."

गेलेल्या माणसाने माझ्यापायी रात्रभर शिव्या खाल्ल्या होत्या. मी म्हणालो, "काकू, मी नेली होती."

"कोणी?" आबा ओरडले.

"मी. सहा वर्षांपूर्वी. तुम्ही चहा टाकायला गेलात तेव्हा. काकांनी काही केलं नाही." एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. हेडफोनही सांगितले, अर्धा कप चहाही सांगितला.

सगळ्यात जास्त राग आबांना आला. "मग गप बसायला काय झालं होतं? सहा वर्षं गप होतास, आजच वाचा फुटायची होती? एक गाऱ्हाणं लागू पडलं होतं रे माझं!"

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मेल्या, तुला चड्डीत असल्यापासून बघत्ये मी." पुढे त्या काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "लाव."

मी घरी जाऊन करवंटीची चकती घेऊन आलो. कुंकू पुसलं, रेकॉर्ड लावली. मोदकांनी आपलं काम केलं होतं. तबकडीला चांगलीच लाट आली होती. सुई चढायची, उतरायची. बाईचा आवाज लांब जायचा, जवळ यायचा. दोन ठिकाणी सुई उडालीच. पण मधे ती बाई हसली, अगदी स्पष्ट, आणि काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या ते मला बघवलं नाही.

गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यांची आठवण म्हणून दिल्या होत्या तुला. उद्या बाकीच्याही आणून ठेव. ऐकायच्या असल्या तर इथे येऊन ऐक." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, अजूनही म्हणालेल्या नाहीत. आबांनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं, ते अनंत चतुर्दशीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाळीसेक रेकॉर्डी आंब्याच्या पेटीत भरल्या. एका बाजूने मी धरली, दुसऱ्या बाजूने हिने. गडग्याला वळसा घालून फाटकाशी आलो तेव्हा ही थांबली. पेटी खाली ठेवली.

"आपल्या घरात आणखी कुणाचं काय आहे, ते आत्ताच सांगा. पुढच्या वर्षी मी मोदक करायचे की नाही, ते मला ठरवायचंय."

मी फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली.

"केळशीच्या एका मास्तरांची एक आहे," मी म्हणालो. "दोन दिवसांत परत देतो म्हणून आणली होती."

"कधी?"

"आपलं लग्न व्हायचं होतं तेव्हा."

हिने पेटीची आपली बाजू उचलली. "धरा," ती म्हणाली. "आणि केळशीला एसटी किती वाजता आहे, ते विचारून या."