हिरडा, लोखंड आणि आष्टीचे पाहुणे

माझी भाची, म्हणजे भावाची पोरगी, जालन्यातच कॉलेजात रसायनशास्त्राची पीएचडी करून राह्यली. हिरड्यातून एक आम्ल काढायचं, ते लोखंडाच्या क्षाराला जोडायचं आणि त्यानं जखमेतले जंतू मरतात का ते बघायचं. मी शाळा फारशी पाह्यली न्हाई, पण तिनं सांगितलं अन् मला बराबर कळलं. आष्टीच्या पाहुण्यांना कळलं न्हाई. न कळण्याचं काही वाटत न्हाई बाई. न कळून वर हसायचं, त्याची मला किळस येते.

तिला बघायला ते सकाळी यायचे होते. भावाच्या मस्तगडच्या घरी उगवले भर दुपारी, जीप भरून. इकडं पोरीचा जीव टांगणीला. तिचा माल प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत, नायट्रोजन वायूखाली ठेवलेला. हवा लागली की काळा पडणार, पावसाळ्यापासूनची मेहनत वाया. त्या वायूचं सिलिंडर संपत आल्तं, अन् रविवार असल्यानं दुसरं जोडायला तिच्याशिवाय कुणी न्हाई.

पोह्यांची बशी घेताना मुलाच्या आईला तिची बोटं दिसली, काळी.

‘हे काय, रोगबिग हाय का?’

पोरीनं शांतपणे सांगितलं की हिरडा अन् लोखंड एकत्र आले, वरून हवा लागली, की असा डाग पडतो. त्यावर मुलाचा बाप मांडीवर थाप मारून हसला. लोखंडच करायचं तर जालन्यात कारखाने काय कमी हायेत, म्हणाला, अन् हिरडा तर किराण्यात मिळतो. मिशीला पोह्याचा कण चिकटलेला, अन् तोंडात हे ज्ञान. माझा भाऊही त्याच्यासंगं हसला. त्याचा राग मला जास्त आला.

मंग म्हणे वाटूरहून मुलाचे मामा निघालेत, तोवर पोरीनं समोर बसावं. ती घड्याळाकडं बघून राह्यली. मी म्हटलं, ‘ऊठ, जा तू.’

‘पाहुणे बसलेले अन् पोरगी चालली?’ मुलाचा बाप म्हणाला.

‘पाहुणे हवेनं खराब होत न्हाईत, दादा. बसा तुम्ही.’

ती नेसत्या साडीतच स्कूटीवर गेली. मामा आले. सगळे पोटभर जेवले, पुरणपोळी मागून घेतली, अन् हात पुसता पुसता सांगितलं, अशी पोरगी आम्हाला नको. नकार उपाशीपोटी देऊ न्हाई, एवढी अक्कल मात्र होती.

संध्याकाळी तिचा फोन आला. ‘आत्या, माल पाण्यासारखा नितळ हाय अजून.’

भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. म्हणून मी तेच मोठ्यानं म्हटलं, त्याला ऐकू जाईल असं. तो उठून आत गेला.