पहिला घास

धानोऱ्यात शाळेची नवी इमारत बांधायला नागपूरहून एक आर्किटेक्ट साहेब येत. एक डोळा मिटून, पेन्सिल समोर धरून ते आमची कवेलूंच्या छपरांची घरं मापत आणि हसत. "कवेलू म्हणजे बैलगाडी, गुरुजी. सिमेंटचा स्लॅब म्हणजे मोटार! भर उन्हाळ्यात आत थंडगार राहील." ऐकणाऱ्याला आपल्याच घराची लाज वाटावी, असं ते बोलणं. मला मात्र एक गोष्ट खटकायची. मजुरांनी स्लॅबखालचे टेकू काढले, तेव्हापासून साहेब इमारत दाखवत ती दारातूनच. हात आत, पाय बाहेर.

नव्या घरात पहिला घास बांधणाऱ्यानं खायचा, ही आमच्याकडची रीत. चैत्रात उद्घाटन झालं. कोतवालाच्या म्हाताऱ्या आईनं वर्गात पाट मांडला, भात वाढला आणि हाक मारली, "या साहेब, पयला घास तुमचा."

साहेबांनी एकदा वर पाहिलं आणि ताट अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली मागितलं.

"काऊन जी, बाहेर काऊन?"

"आत गरमी होऊन राह्यली, बाई."

साहेब त्याच दिवशी परत गेले.

इमारतीला अजून एकही तडा गेलेला नाही. मीच उगाच संशय घेत असेन. पण वर्ग मी मोहाखालीच भरवतो. परवा पौषाच्या कडाक्यात तपासणीचे साहेब आले, त्यांनी कारण विचारलं. मुलं कुडकुडत होती.

मी म्हटलं, "आत गरमी होते."