रग्बीच्या मैदानाला उसाचं पाणी

बारामतीच्या रग्बी मैदानाची राखण करणारे आबा गवताला उसासारखं पाणी पाजतात. खेळताना कुणी पडलं की ओरडतात, "अगं हळू पड, गवत हाय ते!"

माझी नात इथंच रग्बी खेळते, पण गुडघा दुखावल्यापासून पडायलाच घाबरायची. सामन्याच्या सकाळी आबांनी मैदान भिजवून मऊ केलं. तरुणपणी मी भलती नखरेल. थेंबभर चिखलालाही लुगडं उचलून वळसा घालायची. आता नातीला धीर द्यायला ऐटीत त्या ओल्या गवतावर गेले, अन् घसरून सपशेल आडवी झाले.

आबा धावत आले. त्यांनी आधी गवत चाचपलं, मग नातीला म्हणाले, "बघ, म्हातारी मोडली न्हाय. तू कशाला भितीस?"

नात हसत खेळायला उतरली आणि मनसोक्त पडली. आबा दर वेळी गवतासाठी ओरडले. पण बघायचे आधी तिच्या गुडघ्याकडं.