पुतळाबाईच्या दारातली तान

माझ्या सासूला, म्हणजे तळवलीच्या पुतळाबाईला, कुणी काही विचारलं की ती आधी नाही म्हणायची आणि मग विचार करायची. मला पाहायला आली तेव्हाही आधी नाहीच म्हणाली होती. मी शिरवण्याची, आणि शिरवण्याच्या मुली फार बोलतात, असं तिचं मत. ते खरंच आहे. पण तिच्याइतकं बोलणारं माणूस मला अख्ख्या शिरवण्यात भेटलं नव्हतं. लग्नानंतर मी हे तिच्या तोंडावर सांगितलं, तेव्हा ती खूश झाली आणि मला मच्छीचा मोठा तुकडा वाढला.

आमचं घर ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून, गावात शिरायच्या वळणावर. अंगणात विहीर. ही विहीर म्हणजे तिचं सर्वस्व. त्या काळी उन्हाळा लागला की गावातल्या बाकीच्या विहिरी मचूळ व्हायच्या आणि बायका हंडे घेऊन डोंगराच्या पायथ्याशी जायच्या. पुतळाबाई सून म्हणून आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिनं पाण्यावरून अशी भुणभुण लावली की माझे सासरे, गोटीराम, मिठागरातून आल्यावर रोज संध्याकाळी पहार घेऊन अंगण फोडायला लागले. वर हातभर मुरूम, खाली नुसता काळा कातळ. गावानं त्यांना वेडा ठरवलं. पण एक दिवस कातळाच्या भेगेतून पाणी आलं, आणि ते गोड निघालं.

सासरे मला सांगायचे, "मी पान्यासाठी नाय खनली गो बाय. हिचं तोंड बंद व्हावं म्हनून खनली. पानी लागलं, तोंड चालूच हाय."

दिवसभर मिठात राबून आलेला तो माणूस आधी विहिरीवर जायचा, तांब्याभर पाणी घशात ओतायचा आणि मगच घरात पाऊल टाकायचा. ते गेले तेव्हा पुतळाबाई रडली ती विहिरीच्या काठावर बसून, घरात नाही. गावातल्या बायका सकाळी पाण्याला यायच्या त्याही तिला हव्या असत. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस व्याली, सगळं तिला काठावर बसल्या जागी कळायचं. पाण्याला तिनं कधी कुणाला अडवलं नाही.

अशा घरासमोर विजेचा खांब आला. रस्त्याच्या कडेनं कारखान्यांची लाइन आधीच गेली होती. आता तिच्यातून गावाला फाटा काढायचा होता. खांब लोखंडी, त्यावर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर चिनीमातीचे पांढरे कप, त्यांतून तार जायची. सगळं बरोबर चाललं होतं, पण आमच्या वळणावर घोडं अडलं. खांबाला खड्डा हवा पुरुषभर खोल, आणि हातभर खाली गेलं की पहारीतून ठिणग्या उडत होत्या. एवढ्याशा खड्ड्यातला खांब सरळ रस्त्यावर कसाबसा उभा राहतो. वळणावर मात्र तार त्याला गावाकडे ओढणार, आणि तो कलणार.

त्यावर उपाय अगदी साधा. तार ज्या बाजूला ओढते तिच्या उलट बाजूनं खांबाच्या डोक्यापासून एक जाड तार खाली आणायची आणि जमिनीत घट्ट अडकवायची. विजेचे लोक तिला ताण म्हणतात. ही ताण नेमकी आमच्या अंगणात येत होती.

आता आमच्या बोलीची गंमत सांगते. आमच्याकडे 'ण' कुणी म्हणत नाही. पाणी ते पानी, लोणी ते लोनी. 'ड-ढ'चाही 'र' होतो, काढलं ते कारलं. आणि तहान लागली तर 'तान लागली'. विजेच्या खांबाला ताण असते हे तळवलीत कुणाच्या बापजन्मी ठाऊक नव्हतं.

लायनीवरचा मुकादम पंढरी, साताऱ्याकडचा. माणूस सरळ, पण बोलण्यात फार काटकसर. तो एका सकाळी अंगणात आला आणि नमस्कार करून म्हणाला, "मावशी, तुमच्या दारात ताण मारायचीय."

पुतळाबाई तांदूळ निवडत होती. सूप तिनं खाली ठेवलं. "काय मारायची?"

"ताण. बारकीच हाय. हिरीच्या जरा अलीकडं."

"माजे हिरीवर तान?"

"व्हय. एकदा मारली की मग कायमचं काम झालं बगा."

कायमची! सासूच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मी दारात उभी होते. मलाही तेच ऐकू आलं, खोटं कशाला सांगू. परमुलखातला माणूस सकाळी सकाळी येतो आणि सरकारी हुकूम असल्यासारखा सांगतो, तुमच्या विहिरीवर कायमची तहान मारणार आहे. माझ्याही अंगावर काटा आला.

"नाय," पुतळाबाई म्हणाली. आणि या खेपेला विचार करायलासुद्धा थांबली नाही. "माजे दारान तान नको. दुसरं काय पन कर. माजे नवऱ्यानं हाडं मोरून पानी कारलंय आनि तू तान मारतंस? ऊठ आधी!"

पंढरी मुकादमानं खांदे उडवले. अंगणात तार नको म्हणणारे लोक त्याला ठाण्यापासून भेटत आले होते. त्याला वाटलं, ही त्यातलीच एक. "ताण नको तर खोल जावं लागंल मावशी," एवढं म्हणाला.

"जा! जवरं खोल जाचं तवरं जा!"

झालं. सासू जिंकल्याच्या आनंदात दिवसभर गुणगुणत होती. संध्याकाळी माझा नवरा वामन कामावरून आला तेव्हा तिनं त्याला सगळा प्रकार तिखटमीठ लावून सांगितला. वामन जेवत जेवत म्हणाला, "बरा केलास आय." आईला दुसरं काही सांगायची त्याची छाती नव्हती, आजही नाही.

दोन दिवस खांबाच्या जागी ठोकाठोक चालली. माणसं छिन्नी धरून कातळात भोकं पाडत होती. बोटभर रुंद, पण चांगली खोल. एवढ्या बारीक भोकात खांब कसा घालणार, हे मला कळेना. न राहवून मी जाऊन विचारलंच.

"सुरुंगाला हायती," त्यातला एकजण म्हणाला. "उद्या बार उडवणार. तुमच्याच म्हातारीनं खोल जा म्हटलंय न्हवं?"

डोंगराकडच्या खाणीत सुरुंग उडायचे तेव्हा आमच्या घरातली भांडी थरथरायची. शेजारच्या भागीरथीच्या माहेरी तर खाणीच्या सुरुंगानं भरली विहीर आठवड्यात आटली होती, झऱ्यानं वाटच बदलली म्हणे. इथे तर विहीर पंधरा पावलांवर. मी धावत घरी आले आणि सासूला सांगितलं.

पुतळाबाईचं बोलणं बंद झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ती उठली, पदर खोचला आणि जाऊन विहिरीच्या काठावर बसली. मग बोलणं सुरू झालं. "बोलव त्या मुकादमाला! बोल, आधी मना उडव, मंग हिरीला!"

पाण्याला आलेल्या बायका हंडे खाली ठेवून तिच्या बाजूला बसल्या. भागीरथीनं माहेरची विहीर पुन्हा एकदा सविस्तर आटवली. एकीनं रडायला सुरुवात केली. मला मात्र राग आला होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तहान नको म्हटलं म्हणून हा माणूस सुरुंग लावतो, ही कुठली रीत?

पंढरी मुकादम आला तो वैतागूनच. उन्हात तापलेला, वर साहेबाची बोलणी खाल्लेली. अंगणात आमचा पडवळाचा मांडव होता. तो कडेनं येऊ लागला आणि मांडवाच्या दोरीत पाय अडकून असा सपशेल आडवा झाला की डोक्यावरचं मुंडासं विहिरीच्या काठाशी घरंगळत गेलं. बायकांना हसताही येईना आणि हसू दाबताही येईना.

तो गुडघा चोळत ओरडला, "ही ताण कुनी मारली हितं वाटंत?"

काठावरच्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"काय बोललास?" पुतळाबाईनं विचारलं.

"ही! ही ताण!" त्यानं दोरी धरून हलवली. मांडवाचा कोपऱ्यातला बांबू वरती डुगडुगला.

"ती दोरी हाय."

"दोरीचीच ताण हाय ती. कशाला बांदली?"

"बांबू आत जात नाय," पुतळाबाई हळूच म्हणाली. "खाली कातल हाय. दोरीनं वरून खुटीला बांदला नाय तर मांडव कलतं."

मुकादम जमिनीवर बसूनच राहिला. "मावशी," तो म्हणाला, "माज्या खांबाचं पन त्येच हाय. मी दुसरं काय मागत हुतो?"

सासूनं एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा खांबाकडे, आणि मग माझ्याकडे. मी काय करणार? मला हसू फुटलं. मग भागीरथीला फुटलं, आणि मग सगळ्या काठाला. मुकादमाला काहीच कळेना. मी त्याला सांगितलं, "अवो, आमी तान म्हंजे पान्याची तान समजलो!" तेव्हा तो आ वासून बघत राहिला आणि कपाळावर हात मारून इतका हसला की गुडघ्याचं दुखणं विसरला. पुतळाबाई एकटी हसली नाही. तिनं पोहरा विहिरीत सोडला, तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. "घे," म्हणाली, "आनि मार तुजी तान."

सुरुंग राहिला. खांबाच्या खड्ड्यात दगड आणि मुरूम ठासून खांब उभा केला आणि ताणीसाठी अंगणात दुसरा खड्डा घेतला. लोखंडी गज, त्याच्या टोकाला पत्रा, त्यावर मोठाले दगड, मग मुरूम, आणि तो ठोकायला धुम्मस. धुम्मस आपटली की जमीन हादरायची, आणि प्रत्येक दणक्याला सासू डोळे मिटायची. काम संपल्यावर तिनं पोहरा काढला. पाणी चहासारखं लाल आलं.

बायका कुजबुजत रिकाम्या हंड्यांनी घरी गेल्या. मला वाटलं, आता मुकादमाचं काही खरं नाही. त्यालाही तेच वाटलं असावं. तो जवळ येऊन म्हणाला, "मावशी, तुमी म्हनाल तर आत्ता उपटून टाकतो. साहेबाला काय सांगायचं ते मी बगतो."

पुतळाबाई लाल पाण्याकडे बघत राहिली. होकार देऊन तिनं नवऱ्याची विहीर घालवली असती तर तिला ते सहन झालं नसतं, हे मला तेव्हा तिच्या हाताकडे बघून कळलं. लाल पाण्याचा तो पोहरा तिनं ओतून दिला नव्हता, दोन्ही हातांनी उराशी धरला होता. या बाईवर माझी किती माया आहे हेही तेव्हाच कळलं. त्याआधी मी ते कधी मान्य केलं नव्हतं.

"राहूं दे," ती शेवटी म्हणाली. "माती बसाला येल लागतं. सकाल बगू."

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मीही जेवले नाही. वामन जेवला.

सकाळी उठले तर ती आधीच काठावर होती आणि पंढरी मुकादम रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता, विचारायची हिंमत न होऊन. तिनं पोहरा वर घेतला. पाणी नितळ होतं. पण तेवढ्यानं तिचं समाधान होणार नव्हतं. कातळ कुठे फाटला असेल तर खाडीचा खार आत आला असता. तिनं ओंजळीत घेऊन घोट घेतला, तोंडात घोळवला, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे भरून आले.

"गोड हाय गो मालती," ती म्हणाली. "हाय तसाच हाय."

आमचा जीव भांड्यात पडला. मुकादम मागून घेऊन दोन तांबे पाणी प्याला.

पुढे गावात वीज आली. दिवा लागला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि पुतळाबाई म्हणत होती, एवढा उजेड कशाला, भात तर अंधारातही तोंडातच जातो. महिन्याभरात तीच दिव्याखाली तांदूळ निवडायला बसायला लागली. ताणीच्या तारेवर तिनं पडवळाचा वेल चढवायचा प्रयत्न केला, तेव्हा एक वायरमन येऊन तिला रागे भरला. तो वेल तिनं काढला, पण त्या वायरमनला कधी माफ केलं नाही.

लायनीवरचे लोक त्या वळणाला 'ताणीचा खांब' म्हणायचे. मग एसटी तिथे थांबायला लागली आणि कंडक्टरच्या तोंडी नुसती 'ताण' राहिली. "चला, ताणवाले उतरा!" सासूला त्याची मोठी मौज वाटायची.

एकदा भर वैशाखात, टळटळीत दुपारी, एसटी वळणावर थांबली. आम्ही दोघी अंगणात बोंबील वाळत घालत होतो. "ताण! ताण!" कंडक्टर ओरडला. खिडकीत एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं, चेहरा उन्हानं कोमेजलेला. ती आमच्याकडे बघून कळवळून म्हणाली, "हो ना हो, लई तान लागलीय. घोटभर पानी द्याल का, मावशी?"

पुतळाबाईनं बोंबलांवरून मान वर केली. मग तिच्या सगळ्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की विचारू नका. हातातले बोंबील तिनं माझ्या अंगावर टाकले आणि पदर सावरत विहिरीकडे धावत सुटली. जाताना अख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "घंटी मारू नको रे कंडक्टर! मालती, तांब्या आन, मोठा तांब्या आन गो! माजे दारान तान लागली!"