खिडकीकडची कोरी रांग

टिंबबाईंच्या उजव्या हातात खडू असायचा आणि डाव्या हातात पेन्सिल. शिकवता शिकवता त्या टेबलावरच्या टाचणवहीत, रोजच्या पाठांची आखणी लिहायच्या वहीत, टिंबं द्यायच्या. वहीच्या शेवटच्या पानावर वर्गाचा नकाशा, प्रत्येक मुलाचा एक चौकोन. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात टिंब. अंधेरीतल्या आमच्या शाळेत आम्ही बाकीचे शिक्षक मुलांच्या चुका मोजायचो, या बाई स्वतःच्या. मला तो निव्वळ रिकामटेकडेपणा वाटायचा.

शनिवारी शाळा सुटली की, "बघू, या आठवड्यात कुठे माती खाल्ली," असं म्हणत त्या वही उघडायच्या. एका शनिवारी त्यांचा चेहरा उतरला. खिडकीकडची अख्खी रांग कोरी होती. तिथे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या मुली बसायच्या.

"पहाटे बंदरावर राबून येतात गं. म्हटलं, कशाला छळायचं त्यांना."

सोमवारी बाईंनी त्यांतल्या हिराला अपूर्णांकाचं गणित घातलं. तिने ते तोंडी सोडवलं आणि वर म्हणाली, "येतं ना बाई. तुम्ही कधी विचारलंच नाय." बाईंनी नकाशाखाली लिहिलं : दया केली, शिकवलं नाही.

नेमकं तेव्हाच इन्स्पेक्शन लागलं. बाईंचं प्रोबेशनचं शेवटचं वर्ष. शेरा चांगला आला तरच त्या कायम होणार होत्या. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली. आणि साहेब सगळ्यात आधी मागणार ती टाचणवहीच. हेडसरांनी मला गाठलं. "ते पान साहेबांनी पाहिलं तर वाट लागेल तिची. समजाव जरा." मी समजावलं. बाई म्हणाल्या, "खोटं टाचण मला जमत नाही."

इन्स्पेक्शनच्या सकाळी, बाई प्रार्थनेला गेल्या असताना, मी ते पान फाडलं. मायेपोटी फाडलं, हे आजही सांगते.

माझा तास नव्हता, म्हणून मी त्यांच्या वर्गाच्या दारात उभी राहिले. साहेबांनी वही चाळली. "शेवटचं पान बघा, साहेब," बाई स्वतःच म्हणाल्या. पान नव्हतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी फळा पुसला, चौकोन आखले, टिंबं दिली, खिडकीची रांग मोकळी सोडली आणि खाली ते वाक्य लिहिलं.

"पान सापडत नाहीये. पण कोरे चौकोन मला पाठ आहेत."

शेरा आला : 'वर्गाकडे दुर्लक्ष केल्याची स्वतःच कबुली.' बाई कायम झाल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी त्यांनी ती वही माझ्या हातात ठेवली. मी रडत म्हणाले, "बाई, मी..."

"ठेव गं. एक पान तुझ्याकडे आहेच."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मीही चौकोन आखले. पहिल्या शनिवारी वही उघडून पाहिली. माझ्या दोन रांगा कोऱ्या होत्या.